निमित्त पावट्याचं

‘पादणाऱ्याला पावट्याचं निमित्त’ ही म्हण आपल्या भाषेने फार उर्मटपणे केलेली आहे. तिच्यात आरोपी आधीच ठरलेला आहे, त्याचा बचाव ऐकून घेतलेला आहे आणि हसून फेटाळलेलाही आहे. पावट्याने केलं म्हणे! ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याने स्वतः पावटे खाल्ले नसावेत. किंवा खाल्ले असलेच, तर शेजारी कुणीतरी सोयीचं माणूस बसलेलं असावं.

माझी आत्या देवासला दिली आहे. तिच्या सासरचे पूर्वज पवारांच्या थोरल्या पातीचे मानकरी. वाडा आता निम्माच उरला आहे, मान मात्र पुरा आहे. त्या घरात ही म्हण कोणी उच्चारत नाही. फारच वेळ आली तर ‘ती पावट्याची म्हण’ एवढंच म्हणायचं आणि खाकरायचं. मानकऱ्यांच्या घरात वारा असतो तो पंख्याचा किंवा चामुंडेच्या टेकडीवरून येणारा. तिसरा प्रकार त्यांच्या दप्तरी नोंदलेला नाही.

आणि देवास हे तर नोंदी ठेवणाऱ्यांचं गाव. १७२८ साली तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी इथे राज्य थाटलं आणि त्याच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. एक गाव, दोन राजे, दोन दरबार आणि इंग्रजांकडून दोघांनाही पंधरा-पंधरा तोफांची सलामी. वाटणी कुठे गावागावांची, तर कुठे रस्त्याच्या या अंगाची आणि त्या अंगाची. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी सचिव होता. ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ सालच्या पुस्तकात तो सांगतो, की दोन्ही वाड्यांसमोर रोज संध्याकाळी एकाच वेळी दोन बँड निरनिराळ्या चाली वाजवत. म्हणजे हवेत उठलेला आवाज कुठल्या पातीचा, याचाही इथे हिशोब होता. १९४८ साली दोन्ही राज्यं मध्य भारतात विलीन झाली, तोवर या गावात प्रत्येक वस्तूला दोन मालक होते. एका गोष्टीला मात्र दोन्ही पात्यांत मिळून एकही मालक नव्हता, आणि अजून नाही. पंगतीत ती गोष्ट घडली की थोरली पाती धाकट्या पातीकडे बघते आणि धाकटी पाती छताकडे.

या बेवारस मालाचा मूळपुरुष शोधायला निघालं, तर एक साखर सापडते. चहात घालतो ती नव्हे, पण तिच्याच भाऊबंदांतली. चहातल्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडलेले असतात. त्या जोडीला एक गॅलॅक्टोज चिकटलं की रॅफिनोज, दोन चिकटले की स्टॅकिओज, तीन चिकटले की व्हर्बास्कोज. रसायनशास्त्रज्ञ या सगळ्यांना मिळून रॅफिनोज घराणं म्हणतात. ही माझी अलंकारिक भाषा नाही, त्यांच्या पुस्तकांतच तसं आहे. नाव परदेशी आहे. १८७६ साली लॉइझो नावाच्या फ्रेंच माणसाला ही साखर बीटच्या मळीत सापडली, आणि साखर शुद्ध करण्याच्या धंद्यावरून त्याने हे नाव ठेवलं. लॉइझो बीटऐवजी पावट्याच्या आमटीत शोधायला बसला असता, तर नाव निराळं पडलं असतं आणि शाळेच्या पुस्तकात छापता आलं नसतं.

घराणं मोठं आहे. तूर, हरभरा, मसूर, चवळी, वाल, पावटा, राजमा, सोयाबीन, सगळीकडे त्याच्या शाखा. उडीद आणि मूग यांच्यात व्हर्बास्कोजचा जोर, सोयाबीनमध्ये स्टॅकिओजचा. कोबीतही थोडं रॅफिनोज असतं. हे सगळं वनस्पतीने आपल्याला छळायला केलेलं नाही. दाणा पिकून वाळायला लागला, की त्याच्या पेशी कोरड्या पडून मोडू नयेत म्हणून ती साखर त्यांना सांभाळते, आणि पुढे बी रुजताना पहिले काही दिवस अंकुर तिच्यावरच गुजराण करतो. थोडक्यात, ती साखर अंकुराच्या नावाने ठेवलेली आहे. मधल्यामध्ये आपण ती उचलतो, फोडणीला टाकतो आणि वर तिच्याविषयीच कुरकुर करतो.

गॅलॅक्टोजचा तो सांधा तोडायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं एक विकर लागतं. माणसाच्या लहान आतड्यात ते तयार होत नाही. थोरल्या पातीत होत नव्हतं, धाकट्या पातीत होत नव्हतं, आणि दोघांवर नजर ठेवायला बसवलेल्या इंग्रज पोलिटिकल एजंटाच्याही पोटात होत नव्हतं. त्यामुळे ही साखर न पचता मोठ्या आतड्यापर्यंत सुखरूप जाते. तिथे जिवाणूंची वस्ती आहे आणि त्यांच्याजवळ हे विकर मुबलक आहे. ते तुटून पडतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांच्या पोटी मिथेन असे वायू सोडतात. या तिन्ही वायूंना वास नाही. वास येतो तो गंधकाच्या वायूंचा, आणि ते एकूण मालात एक टक्काही नसतात. तेव्हा डाळीच्या साखरेवर आवाजाचं कलम लागू शकतं, वासाचं लागत नाही. वासाचा खटला निराळा आहे. त्यात अंडी, कांदा, लसूण यांची साक्ष घ्यावी लागेल, आणि आत्याच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात त्यातलं काही येत नसल्यामुळे तो चालवणं कठीण आहे.

निरोगी माणसाच्या बाबतीत हे दिवसातून दहा ते वीस वेळा घडतं, असं डॉक्टर सांगतात. हा आकडा मी आत्तोबांना सांगितला. त्यांनी वर्तमानपत्र खाली न करता विचारलं, “कुणाच्या?”

“माणसांच्या, आत्तोबा.”

“इंदूरकडच्या असतील,” ते म्हणाले.

हे सगळं देवासबद्दल बोलताना आणण्याचं कारण एवढंच, की जगात या साखरेवर घर चालवणारे जे काही मुलूख आहेत, त्यांत माळव्यातले धार आणि देवास हे दोन जिल्हे येतात. माळव्याच्या काळ्या मातीत पूर्वी पावसाळ्यात फारसं पेरत नसत. रान मोकळं ठेवायचं, ओल मुरवायची आणि थंडीत गहू-हरभरा घ्यायचा, अशी रीत होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने सोयाबीनचे प्रयोग केले, आणि मग ते पीक या रिकाम्या पावसाळ्यात घुसलं ते घुसलंच. पुढे १९८७ साली इंदूरला त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही निघालं. शेतकरी त्याला ‘पीला सोना’ म्हणतो. सोयाबीन निघालं की उधाऱ्या फिटतात, ट्रॅक्टरचा हप्ता जातो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी पुढे सरकतात. दाण्यात स्टॅकिओज साधारण तीन ते चार टक्के आणि रॅफिनोज टक्काभर. म्हणजे क्विंटलमागे चार-पाच किलो निव्वळ वायूचा ऐवज. देवासच्या मंडीत ट्रॉल्यांची रांग लागलेली असते तेव्हा व्यापारी मूठभर दाणे हातात घेऊन ओल किती, माती किती, डाग किती हे बघतो. हे चार-पाच किलो कोणी विचारत नाही. विचारावं असं मला फार वाटतं, पण मंडीत माझी ओळख आत्तोबांचा भाचा म्हणून आहे.

पुढे कारखान्यात दाण्यातलं तेल हेक्झेन नावाच्या द्रावकाने ओढून काढतात. साखर हेक्झेनमध्ये विरघळत नाही. त्यामुळे तेल डब्यात बसून किराणा दुकानात जातं आणि साखर उरलेल्या पेंडीत, म्हणजे बाजारात जिला ‘डीओसी’ म्हणतात तिच्यात, तशीच राहते. डीओसी जाते मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्याला. कोंबडीच्या आतड्यातही ते विकर नाही! पण कोंबडी फुगली तर वजन घटतं आणि वजन घटलं तर पैसे बुडतात, म्हणून खाद्य बनवणारे त्यात अल्फा-गॅलॅक्टोसिडेज मिसळतात. कोंबडीची सोय झाली. लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा डाळ वाढून घेणाऱ्या जावयाची सोय कुणी पाहिलेली नाही, कारण जावई किलोवर विकला जात नाही.

याच पेंडीच्या पिठापासून सोयाच्या वड्या होतात. आत्या त्या उकळते, घट्ट पिळते आणि पाणी मोरीत ओतते. तिला विचारलं तर ती म्हणते, त्याचा उग्र वास जातो. वासाबरोबर विरघळलेली बरीचशी साखरही जाते, पण ते श्रेय तिने कधी मागितलेलं नाही.

श्रेय मागायची सवय हिंगाला आहे. आपल्या सगळ्या स्वयंपाकात या एका पदार्थाइतका फुकटचा मान कुणाला मिळत नसेल. डाळ आली की हिंग, उसळ आली की हिंग, पोट दुखलं की बेंबीवर हिंग. अफगाणिस्तान-इराणकडून यायचं, चण्याएवढ्या खड्याला मोठा भाव घ्यायचा, आणि बाजारात येईतो मैदा आणि डिंक मिसळून ‘बांधानी’ व्हायचं. २०२० च्या ऑक्टोबरात पालमपूरच्या शास्त्रज्ञांनी हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्याची रोपं लावली, तेव्हा देशभर बातमी झाली. सोयाबीन आलं तेव्हा एवढी झाली नसेल. पण हिंगात ते विकर नाही. त्याला रॅफिनोज तोडता येत नाही, स्टॅकिओज तर नाहीच. फार तर आतड्याची कळ थोडी सैल होते आणि अडकलेलं मोकळं होतं. म्हणजे हिंगाने गोष्ट थांबत नाही, उलट तिला वाट मिळते. हे मी आत्यासमोर बोललो नाही. काही सत्यं फोडणीच्या वेळी सांगायची नसतात.

हिंगाचा हा दरारा माळव्यात जुना आहे. धारपासून पस्तीसेक किलोमीटरवर मांडू. तिथे १४६९ ते १५०० या काळात घियासुद्दीन नावाचा सुलतान होता. गादीवर आल्यावर राज्यकारभार मुलाच्या गळ्यात टाकून तो खाण्यापिण्याकडे वळला, आणि त्याच्या दरबारात ‘निमतनामा’ हे फारसी पाकपुस्तक तयार झालं. पन्नासेक चित्रं आहेत त्यात. सुलतान मिशी सावरत बसलेला आणि भोवती रांधणाऱ्या स्त्रिया. सध्या तो ग्रंथ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोसे आहेत, खिचडी आहे, खीर आहे, आणि तुपाला हिंगाचा वास लावायची सूचना तर इतक्यांदा येते, की वाचताना शिंक यावी. पण सुलतानाचं खरं शहाणपण पुढे आहे. त्याच ग्रंथात, त्याच दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, अत्तरं, उटणी आणि सुगंधी लेप कसे करावेत याचीही कृती दिलेली आहे. आजच्या पाकपुस्तकांत हा विभाग का नसतो, कळत नाही. डाळींच्या प्रकरणानंतर लगेच तो यायला हरकत नाही.

जुन्या वैद्यांनीही या विषयात तोंड लपवलेलं नाही. चरकाने तेरा वेग सांगितले आहेत, जे माणसाने अडवू नयेत; शिंक, जांभई, ढेकर, अश्रू, भूक, तहान, झोप यांच्याच पंगतीत अपानवायूही बसलेला आहे, आणि तोही सन्मानाने. म्हणजे शास्त्राची आज्ञा, अडवू नका. दरबाराची आज्ञा, अडवा. मराठी सरदार माणूस या दोहोंच्या मध्ये मांडी ठोकून दोन-अडीचशे वर्षं बसला आहे. बसण्याची ती विशिष्ट ऐट, एका गुडघ्यावर हात आणि किंचित एका अंगाला झुकलेली, जुन्या फोटोंत दिसते. ती फोटोग्राफरने सांगितलेली असते असं मी पूर्वी समजत असे.

देवासला याची परीक्षा दाल-बाफल्याच्या दिवशी होते. बाफला म्हणजे जाडसर कणकेचा गोळा. आधी पाण्यात उकडायचा, मग गोवऱ्यांच्या आहारावर खरपूस भाजायचा, आणि मग फोडून तुपात बुडवायचा. बुडवायचा म्हणजे बुडवायचाच; माळव्यात तूप ‘लावत’ नाहीत. त्यावर तुरीची डाळ, वाटीने नव्हे, पळीने. आग्रह करायला एक माणूस वेगळा ठेवलेला. पुढे लाडू. यानंतर सगळं घर दुपारी आडवं होतं आणि चारच्या चहाला पुन्हा बैठकीत जमतं. तोवर मोठ्या आतड्यातली वस्ती कामाला लागलेली असते.

त्या तासाभरात घरातलं लाकूडसामान एकाएकी जुनं होतं. खुर्च्या करकरतात. कपाटाचं कुलूप वाजतं. कुणीतरी उठून खिडकी उघडतं आणि म्हणतं, “काय उकडून राहिलंय!” हे जानेवारीत. सुपारी कातरायचा अडकित्ता एरवी पानदानात पडलेला असतो, तो अचानक तिघांना हवा असतो. आणि या सगळ्यातूनही एखादा निसटलाच, तर आत्तोबा मान न वळवता गंभीर आवाजात म्हणतात, “मोत्या, हाड्!” मोत्या हा घरचा कुत्रा. तो कोपऱ्यातून उठतो, सगळ्यांकडे एकदा बघतो आणि बाहेर जातो. त्या बघण्यात राग नसतो. त्या घरात एवढ्याच कामाचा त्याला भाकरतुकडा आहे, हे त्याला ठाऊक आहे. दोन पात्यांच्या राज्यात जे पद कधी कुणाला दिलं गेलं नाही, ते मोत्याने विनातक्रार भरून काढलं आहे.

गाण्याच्या बैठकीत मात्र मोत्याची सोय नसते. देवासची हवा कोरडी आणि चांगली, असा लौकिक. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात इथे राहायला आले ते हवेसाठीच, आणि मग ते गावच गाण्याचं झालं. त्यामुळे देवासला दाल-बाफले आणि बैठक एकाच दिवशी येण्याचा धोका कायम असतो. अशा एका घरगुती बैठकीत विलंबित ख्याल सुरू होता. गायक समेवर आला, थांबला, आणि त्या थांबण्यात, जिथे टाचणी पडली तरी ऐकू यावी, तिथे तिसऱ्या रांगेतून एक स्वर आला. लहान, पण लागलेला. क्षणभर कुणाला काही सुचेना. तबलजी जुना माणूस. त्याने लगोलग डग्ग्यावर तळवा घासून असा घुमारा काढला, की ऐकणाऱ्याला वाटावं पहिला आवाजही त्याचाच. गायकाने त्याच्याकडे बघून मान डोलावली. तिसऱ्या रांगेतून सर्वांत मोठी “वाहवा” आली. कृतज्ञता लपत नाही.

आता प्रश्न असा, की आपल्या बायकांना या साखरेचं काही कळत होतं का. मला वाटतं, कळत नव्हतं आणि जमत होतं. कडधान्य रात्री भिजत घालायचं, सकाळी पाणी ओतून द्यायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, वालांचं बिरडं करायचं तर वर सालंही सोलायची. भिजताना साखर पाण्यात उतरते, म्हणून पाणी फेकायचं. मोड येतात तेव्हा बी स्वतःच ते अल्फा-गॅलॅक्टोसिडेज तयार करतं, कारण ठेवलेली साखर अंकुराला हवी असते. मोड जितका लांब तितकं काम झालेलं. उडदाचं पीठ आंबवलं की तीच गोष्ट जिवाणू भांड्यातच करून टाकतात, म्हणजे पोटातल्यांना काम उरत नाही. नुसतं शिजवून मात्र उपयोग नाही. कुकरच्या कितीही शिट्ट्या होऊ द्या, ही साखर उकळण्याने मोडत नाही. ती आत शांत असते. शिट्ट्या नंतर होतात.

हे सगळं घडीव शास्त्र आत्याच्या नातीने एका वर्षात मोडीत काढलं. ती इंदूरला आहारशास्त्र शिकते. पहिल्या सुट्टीत आली आणि मोरीपाशी उभी राहिली. “आजी, भिजवलेलं पाणी फेकायचं नाही. त्यात जीवनसत्त्वं असतात.” आत्याने मुकाट्याने ते पाणी आमटीत घातलं. त्या आठवड्यात मोत्याला बसायला उसंत मिळाली नाही. दुसऱ्या सुट्टीत ती नवीन शिकून आली. आता म्हणे या साखरा चांगल्या असतात. त्यांच्यावर पोटातले बायफिडो जातीचे गुणी जिवाणू पोसले जातात, यांना प्रीबायोटिक म्हणतात, आणि जपानात सोयाबीनमधून हीच साखर मुद्दाम काढून विकतात. आत्तोबांनी पहिल्यांदाच पेपर खाली केला.

“विकतात?”

“हो आजोबा. महाग असते.”

आत्तोबांनी खिडकीतून मंडीच्या दिशेने पाहिलं. क्विंटलमागे चार-पाच किलोचा हिशोब मी त्यांना पूर्वी दिलेला होता. त्यांच्या चेहऱ्यावर, एवढा माल आपण आजवर फुकट सोडला, असा भाव मला स्पष्ट दिसला.

नातीनेच आणखी एक माहिती दिली. अमेरिकेत माणसं अवकाशात पाठवायला लागले, तेव्हा तिथल्या पोषणतज्ज्ञांना या साखरेची काळजी पडली होती. हायड्रोजन आणि मिथेन हे पेटणारे वायू. यानाची खोली बंद. खिडकी उघडून “काय उकडून राहिलंय” म्हणायची सोय नाही. म्हणून कुठल्या कडधान्याने कुणाला किती वायू होतो याची रीतसर मोजमापं झाली. जिवाणूंनी केलेला हायड्रोजन थोडा रक्तात शिरतो आणि फुप्फुसांतून बाहेर पडतो, त्यामुळे श्वास तपासला तरी पोटातलं कळतं. आत्तोबांनी यावर तोंडासमोर रुमाल धरला. मला मात्र १९६५-६६ मधली ती जेमिनी यानं आठवली. आत दोनच माणसं, खांद्याला खांदा लावून, कधी कधी आठवडाभर. दोघेच असले की नाकबूल करून फायदा नसतो. ही परिस्थिती देवासच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

गेल्या वर्षी आत्याचा मुलगा अमेरिकेहून आला तेव्हा एक बाटली घेऊन आला. तिथे १९९० पासून हे विकर औषधाच्या दुकानात मिळतं. अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीपासून काढतात आणि गोळ्या करतात. पहिल्या घासाबरोबर घ्यायची, की डाळीतली साखर वाटेतच मोडते आणि खाली काही पोचत नाही. गोळी खरी आहे, काम करते. अडचण निराळी निघाली. पंगतीत बसल्यावर, पहिल्या घासाला, सगळ्यांसमोर ती गोळी तोंडात टाकायची म्हणजे पुढच्या चार तासांची कबुली आगाऊ देणं. ती कुणी द्यायची? मुलगा म्हणाला, बाबांनी सुरुवात करावी, ते वडीलधारे. आत्तोबा म्हणाले, त्यांना गरज नाही. काका म्हणाले, त्यांनाही नाही. धाकट्या पातीकडचे व्याही आले होते, ते म्हणाले, “आपण घ्यावी, आम्ही नंतर.” बाटली थोरल्या पातीपासून धाकट्या पातीपर्यंत आणि परत अशी फिरली. आत्याला ती बुरशीची आहे असं कळल्यावर तिने चातुर्मासापुरती ती देवघराकडच्या कपाटात ठेवू नका एवढंच सांगितलं.

चातुर्मास संपल्यावर धारहून मावशीकडची मंडळी आली, पुन्हा दाल-बाफले ठरले, आणि आत्याने तोडगा काढला. सगळ्याच गोळ्या खलबत्त्यात कुटल्या आणि रटरटणाऱ्या डाळीच्या पातेल्यात टाकल्या. कुणी घेतली हा प्रश्नच नको, सर्वांनी घेतली. नात स्वयंपाकघरात उभी होती. ती माझ्या कानात म्हणाली, विकर उकळीत टिकत नाही, दोन मिनिटांत सगळ्या गोळ्यांची माती झाली. मी तिला गप्प राहायला सांगितलं. आत्याने मग वरून हिंगाची फोडणी दिली.

जेवणं उत्तम झाली. चहाच्या वेळी बैठकीत सगळे जमले आणि एकमेकांकडे धीटपणे बघू लागले. व्याही म्हणाले, या खेपेची डाळ फारच हलकी. मावशी म्हणाली, अमेरिकेचं औषध ते अमेरिकेचं. काकांनी हिंग कुठलं म्हणून विचारलं. खुर्च्या शांत होत्या, कारण त्यांच्यावर विश्वासाने बसलेली माणसं पहिल्यांदाच सैल बसली होती. आणि तेवढ्यात, अगदी मधोमध, कुठलीही लपवाछपवी नसलेला असा तो आला.

आत्तोबांनी सवयीने मान न वळवता म्हटलं, “मोत्या, हाड्!”

मोत्या त्या आठवड्यात धारला होता.